प्रश्नोत्तरे : नव्याने बांधलेल्या इंजिनाच्या ऑइलमध्ये कूलंट कोठून येते?

प्रश्न : माझ्या चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीचे इंजिन पूर्ण उतरवून नव्याने बांधून घेतले. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) वाढवून ओव्हरसाइज, म्हणजे मोठ्या मापाचे, पिस्टन बसवले, क्रँक ग्राइंड करून नवी बेअरिंगे घातली आणि हेडचे (सिलिंडरांवर झाकणासारख्या बसणाऱ्या भागाचे) फेसिंगही, म्हणजे पृष्ठभाग सपाट करण्याचे कामही, करून घेतले. त्यानंतर थोड्याच फेऱ्यांत डिपस्टिकवर दुधाळ कॉफीसारखा फेस दिसू लागला. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली आहे आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण) सुमारे अर्धा लिटर कमी झाले आहे. सायलेन्सरमधून पांढरा धूर येत नाही, इंजिन तापत नाही आणि चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन सारखे भरते. हेड गॅस्केट (हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधला सांधा बंद करणारा थर) पुन्हा बदलावे लागेल, पण त्याआधी ऑइल बदलून गाडी थोडी चालवून पाहावी, असे मेकॅनिकचे मत आहे. कॉम्प्रेशन चांगले असताना हेड गॅस्केट खराब असू शकते काय? आणि गाडी चालवून पाहणे योग्य आहे काय?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याला उशीर परवडणारा नाही. इंजिन सुरू करू नये, गाडीची जागा बदलण्यापुरतेही नाही. कूलंटमधील ग्लायकॉल गरम ऑइलात मिसळले की त्याचा चिकट गाळ तयार होतो, तो फिल्टरच्या कागदात अडकतो, आणि मग बायपास झडप उघडून न गाळलेले ऑइल थेट बेअरिंगांकडे जाऊ लागते. पाणी मिसळलेल्या ऑइलचा थर क्रँकच्या जर्नलचा (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाचा) भार पेलण्याइतका टिकत नाही. शिवाय ग्लायकॉलच्या विघटनातून निर्माण होणारी आम्ले बेअरिंगच्या वरच्या मऊ अस्तराला खातात. आपली बेअरिंगे अजून नवी आहेत आणि आज थांबल्यास ती वाचण्याची चांगली शक्यता आहे. चालवून पाहण्याचा सल्ला ज्या दोषाचा शोध घेण्यासाठी दिला आहे, त्यापेक्षा मोठा खर्च तोच ओढवून घेईल.

आता कॉम्प्रेशनविषयी. हेड गॅस्केट जळणारा वायू, ऑइल आणि पाणी या तिघांना एकमेकांपासून वेगळे ठेवते. कॉम्प्रेशन गेज यांपैकी फक्त सिलिंडरच्या कडेचीच परीक्षा घेते. पाण्याचे छिद्र आणि ऑइल खाली परतण्याचा मार्ग यांच्यामधली पट्टी जर बसली नसेल, तर सिलिंडरला त्याचा पत्ताही लागत नाही : कॉम्प्रेशन उत्तम राहते, धूर येत नाही, इंजिन तापत नाही आणि कूलंट मुकाट्याने चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरत राहते. रेडिएटरच्या तोंडाशी धरायच्या निळ्या द्रवाच्या चाचणीचेही असेच आहे. तो द्रव जळलेल्या वायूतील कार्बन डायऑक्साइडमुळे पिवळा होतो. म्हणजे वायू पाण्यात शिरत असल्याचे ती चाचणी सांगते, पाणी ऑइलात जात नसल्याची ग्वाही देत नाही.

तेव्हा गॅस्केट दोषी असू शकते. परंतु आपण लिहिलेल्या लक्षणांवरून ते दोषीच आहे, असे मात्र ठरत नाही. टायमिंग कव्हर, वॉटर पंपाचे सील, ऑइल कूलर (कूलंटच्या साहाय्याने ऑइल थंड करणारा भाग), हेडमधील भेग, व्हॉल्व्ह कव्हरच्या आत लपलेला वेल्श प्लग (ओतकामातील छिद्र बुजवणारी पत्र्याची चकती), बोअर वाढवताना पातळ झालेली सिलिंडरची भिंत, यांपैकी कोणतेही कारण अगदी हीच लक्षणे दाखवील. ‘गॅस्केट बदलून बघू’ या सल्ल्याला माझी हरकत आहे ती एवढ्यासाठी, की हेड उचलताक्षणी ब्लॉकमधले पाणी बोअरमध्ये आणि ऑइलच्या मार्गांत सांडते, सगळेच ओले होते, आणि गळती नेमकी कोठे होती हे सांगणारा पुरावा धुऊन जातो. गळतीची जागा आधी सापडली पाहिजे. हेडला हात त्यानंतरच लावावा.

शोध घेण्याआधी एक शंका दूर करावी. नव्याने बांधलेल्या इंजिनात जे पाणी दिसते ते जुनेही असू शकते. ब्लॉक धुतल्यावर ऑइल गॅलरीत (ब्लॉकमधील ऑइलच्या मार्गांत) राहिलेले पाणी, किंवा हेड एकदा बसवून काही कारणाने पुन्हा उचलले असल्यास त्या वेळी खाली सांडलेले कूलंट, पहिल्या ऑइलात फेस निर्माण करू शकते. तसेच नुसती कूलंटची पातळी उतरली म्हणून घाबरू नये. रिकामे केलेले इंजिन पुन्हा भरले की आत अडकलेली हवा पहिल्या काही फेऱ्यांत बाहेर पडते आणि तिच्या जागी टाकीतले कूलंट जाते. आपल्या बाबतीत मात्र ऑइलची पातळीही चढली आहे, आणि या दोन गोष्टी एकत्र घडल्या की योगायोगाला फारशी जागा उरत नाही. (ऑइल पातळ झाले असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पातळी इंधनामुळेही चढते. पण त्या ऑइलला दुधाळपणा येत नाही.)

पहिली चाचणी बिनखर्चाची आहे. गाडी सपाट जागी रात्रभर तशीच उभी ठेवावी. इंजिन ऑइलची घनता पाण्याच्या सुमारे ०.८५ ते ०.८८ पट असते, तर पाणी आणि ग्लायकॉल यांचे समप्रमाण मिश्रण पाण्याहूनही किंचित जड, म्हणजे सुमारे १.०७ असते. त्यामुळे जे कूलंट अद्याप ऑइलात पुरते घुसळले गेलेले नाही, ते चेंबरच्या तळाशी बसते. सकाळी ड्रेन प्लग पूर्ण न काढता हळूहळू सैल करावा आणि पहिली धार पारदर्शक बाटलीत धरावी. रंगीत पाणी आधी आले तर त्याच्या रंगावरून ते कूलंट आहे की धुण्याचे पाणी, हे बहुधा कळते. चव घेऊन पाहण्याची जुनी खोड कोणाला असल्यास ती मोडावी, कारण एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. धारेत पाणी दिसले नाही आणि ऑइल सगळेच एकजीव दुधाळ असेल, तर त्याचा नमुना ऑइल तपासणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्यावा. तेथे ग्लायकॉलबरोबरच सोडियम आणि पोटॅशियम मोजतात, कारण कूलंटमधील गंजरोधक द्रव्यांतून हे दोन घटक ऑइलात येतात. सिलिकॉनच्या आकड्यावर मात्र एकट्याने विसंबू नये. ताज्या बांधलेल्या इंजिनात तो सीलंटमुळेही वाढलेला असतो.

खरी चाचणी दाबाची. ऑइल काढून टाकावे, चेंबर उतरवावे, खालचा सर्व भाग पुसून कोरडा करावा आणि इंजिनाखाली पांढरा पुठ्ठा पसरावा. कूलंट पूर्ण भरून रेडिएटरच्या झाकणाच्या जागी गेज असलेला हातपंप लावावा आणि झाकणावर छापलेल्या मूल्याइतकाच दाब द्यावा. बहुतेक गाड्यांत तो सुमारे ०.९ ते १.४ बार असतो. त्याहून अधिक दाब देऊन दोष लवकर सापडत नाही, उलट चांगले होज किंवा रेडिएटर फुटतात. मग वाट पाहावी. ठळक गळती काही मिनिटांत थेंब देते, पण बारीक गळतीला काही तास, प्रसंगी पूर्ण रात्र लागते, आणि बहुतेक जण नेमके येथेच घाई करतात. गेज स्थिर आहे म्हणून पाच मिनिटांत पंप काढून घेतला, तर काहीच सिद्ध होत नाही.

थेंब कोठून पडतो, यावर पुढचे सगळे अवलंबून असल्याने त्याकडे सावकाश पाहावे. समोरच्या टोकाला, टायमिंग चेनच्या बाजूने पाणी उतरत असेल, तर हेडला हात लावण्याचे कारणच नाही. ज्या इंजिनांत पाण्याचा मार्ग टायमिंग कव्हरमधून जातो तेथे कव्हरचे गॅस्केट, ते घट्ट करणाऱ्या बोल्टांची अदलाबदल होऊन चुकीच्या जागी गेलेला लांब बोल्ट, किंवा चेनवर चालणाऱ्या पंपाचे सील, यांपैकी एक कारण सापडते. काही इंजिनांत पंप कव्हरच्या आत असतो आणि त्याचे सील गेले की पाणी रस्त्यावर न सांडता सरळ चेंबरमध्ये जाते. अशा ठिकाणी बाहेरून कितीही निरखले तरी ओलावा दिसत नाही.

एखाद्या विशिष्ट सिलिंडरखाली, कनेक्टिंग रॉडवरून थेंब ओघळत असेल, तर स्पार्क प्लग काढून त्या पिस्टनचा माथा बारीक कॅमेऱ्याने पाहावा. माथा ओला असेल किंवा इतरांच्या मानाने धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर पाणी वरून, म्हणजे गॅस्केटमधून किंवा हेडमधून येत आहे. माथा कोरडा आणि पिस्टनच्या खालची भिंत मात्र ओली, असे असेल तर दोष बोअरमध्येच आहे. आपल्या ब्लॉकचे बोअर वाढवले असल्याने या शक्यतेकडे मी खास लक्ष वेधतो. ओतकामात पाण्याच्या मार्गाचा साचा किंचित सरकलेला असेल, तर सिलिंडरची एक बाजू मुळातच पातळ असते, आणि बोअर वाढवताना तेथे आतून गंजलेला एखादा खड्डा उघडा पडू शकतो. पिस्टन वर नेऊन खालून आणि खाली आणून वरून, अशी प्रत्येक भिंत दोन्ही बाजूंनी पाहावी. वेट लायनरच्या, म्हणजे बाहेरून थेट पाण्याला लागून असलेल्या वेगळ्या सिलिंडर-नळीच्या इंजिनांत हीच खूण लायनरच्या बुडाशी असलेल्या रबरी रिंगेकडे बोट दाखवते. बसवताना ती कापली गेली, मुरगळली किंवा तिची खाच नीट घासली गेली नाही, की गळती ठरलेलीच.

थेंब हेडमधून ऑइल खाली परतण्याच्या छिद्रांतून येत असेल, तर चाचणीचा दाब तसाच ठेवून व्हॉल्व्ह कव्हर काढावे आणि वरून पाहावे. हेडच्या आतील वेल्श प्लगची कड, व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या बैठकीजवळची भेग किंवा हेड बोल्टचे छिद्र ओले दिसते काय, हे कळेल. वरचा भाग कोरडा आणि खाली छिद्रातून पाणी, असे असेल तर मात्र हेड आणि ब्लॉक यांच्या सांध्याकडे, म्हणजे आपल्या मेकॅनिकच्या मताकडे पारडे झुकते. काही व्ही आकाराच्या इंजिनांत इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून पाणी दोन हेडांमधल्या दरीत पडते आणि तेथून चेंबरमध्ये जाते. आपले इंजिन सरळ चार सिलिंडरचे असल्यामुळे त्याचा येथे विचार नको.

पाणी मेन बेअरिंगांमधून (ब्लॉकमध्ये क्रँक पेलणाऱ्या बेअरिंगांमधून) पाझरत असेल, तर ते ऑइलच्या गॅलरीत शिरले आहे, आणि पहिला संशय ऑइल कूलरवर घ्यावा. तो सोडवून, त्याची पाण्याची बाजू बंद करून, ऑइलच्या बाजूने हवेचा दाब द्यावा आणि पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे पाहावेत. एवढ्या स्वस्त चाचणीविना हेड उतरवले गेल्याची आणि नव्या गॅस्केटनंतरही फेस परत आल्याची पत्रे आमच्याकडे येत असतात.

कोठेच थेंब पडला नाही, तर दोन शक्यता उरतात. एक, आधी सांगितलेले जुने पाणी. दुसरी, गरम झाल्यावरच उघडणारी भेग. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये ती व्हॉल्व्ह सीटांच्या मधल्या पुलावर किंवा स्पार्क प्लगच्या छिद्राजवळ पडते आणि थंडपणी तिची तोंडे मिटलेली असतात. त्यासाठी कूलंटच्या जागी गरम पाणी भरून दाबाची चाचणी पुन्हा घ्यावी. इंजिन चालवून गरम करू नये. तरीही काहीच आढळले नाही, तर नवे ऑइल आणि नवा फिल्टर घालून इंजिन एकदा नीट गरम होईपर्यंत जागेवर चालवावे, थंड होऊ द्यावे आणि ऑइल पुन्हा बाटलीत काढून पाहावे. आधीची चाचणी रात्रभर निर्दोष ठरल्यानंतरच हे करावे, अन्यथा ते ‘चालवून पाहणे’च झाले.

शेवटी हेड काढणे भागच पडले, तर जुने गॅस्केट न धुता, न वाकवता बाजूला ठेवावे. त्याच्यावरचे ठसे बरेच काही बोलतात. सर्व छिद्रांभोवती दाबाचा ठसा सारखा उमटला आहे काय, एखाद्या पाण्याच्या छिद्रापासून ऑइलच्या छिद्राकडे डागाची रेघ गेली आहे काय, हे पाहावे. ते उलटे किंवा मागचे पुढे बसले नव्हते ना, हेही ब्लॉकवर ठेवून ताडून घ्यावे. ही चूक वाटते तितकी दुर्मीळ नाही. ओव्हरसाइज बोअरसाठी गॅस्केटच्या रिंगचा व्यासही जुळता हवा. त्यानंतर स्ट्रेट एज आणि फीलर गेज घेऊन हेडची सपाटी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर मोजावी. पुष्कळ ॲल्युमिनियम हेडांना सुमारे ०.०५ मिलिमीटरहून अधिक फरक चालत नाही, पण आपल्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील आकडाच प्रमाण मानावा.

येथे एक गोष्ट वारंवार सुटते. फेसिंग हेडचे होते, ब्लॉकच्या माथ्याकडे कोणी पाहत नाही. दोन पृष्ठभागांपैकी एकच सपाट असून काय उपयोग? शिवाय जुने गॅस्केट खरवडण्यासाठी फिरत्या मशीनवर घासणी लावली, तर छिद्रांभोवती नजरेला न दिसणाऱ्या खोलगट जागा तयार होतात, आणि त्या घासणीचा कण ऑइलात गेल्यास बेअरिंगांचे नुकसान होते ते वेगळेच. पोलादी पत्र्यांच्या अनेक थरांचे गॅस्केट असेल तर पृष्ठभाग जुन्या गॅस्केटना चालत असे त्याहून बराच गुळगुळीत लागतो.

बोल्टांविषयी थोडक्यात. ब्लॉकमधील बंद तळाच्या छिद्रांत ऑइल किंवा पाणी राहिले असेल, तर बोल्ट तळाच्या द्रवावर अडतो, टॉर्क रेंच ‘पुरे’ म्हणून सांगते आणि हेड मात्र दाबले गेलेले नसते. प्रसंगी ब्लॉकलाच तडा जातो. अंश मोजून फिरवायचे बोल्ट बहुतेक उत्पादक एकदाच वापरायला सांगतात. ज्या इंजिनांत बोल्टचे टोक पाण्याच्या मार्गात उतरते, तेथे आट्यांना सीलंट लावावेच लागते, नाहीतर पाणी आट्यांवरून वर चढते. घट्ट करण्याचा क्रम मधून कडेकडे आणि टप्प्याटप्प्याने असतो.

हेड मशीन शॉपमध्ये गेलेच आहे तर नुसते फेसिंग न करता त्याची दाबाची चाचणी करून घ्यावी. पाण्याची छिद्रे प्लेटांनी बंद करून, आत हवा भरून, हेड गरम पाण्यात बुडवतात. ही चाचणी फेसिंगच्या आधी व्हावी, कारण भेगाळलेल्या हेडवर मशीन चालवून काही साधत नाही.

दोष दूर झाल्यावर निदान एक मेन आणि एक बिग एंड (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडील टोकाच्या) बेअरिंगची टोपी उघडून पाहावी. पृष्ठभाग एकसारखा राखाडी असेल तर पुढे जावे. काळे डाग किंवा तांब्याचा रंग डोकावत असेल तर सर्व बेअरिंगे बदलावीत. जुना फिल्टर कापून त्याच्या कागदात धातूचे कण आहेत काय, तेही पाहावे. नंतर स्वस्त पण योग्य ग्रेडचे ऑइल भरून इंजिन गरम करावे आणि लगेच ऑइल काढावे. दुधाळपणा पूर्ण जाईपर्यंत हे पुन्हा करावे आणि प्रत्येक वेळी फिल्टर नवा घालावा. रॉकेल किंवा डिझेल भरून इंजिन चालवण्याची पद्धत नव्या बेअरिंगांना घातक आहे. रेडिएटरमध्ये ओतायच्या गळतीरोधक पुड्या या दोषावर सुचवल्या जातात. त्या हीटरच्या बारीक नळ्या बुजवतात आणि ऑइलमध्ये शिरल्यास ऑइलचे मार्गही. मी त्या कोणत्याही बांधलेल्या इंजिनात घालणार नाही.

प्रश्न : माझ्याकडे उलटे आहे. बांधलेल्या इंजिनाच्या कूलंटच्या टाकीत तपकिरी चिकट थर तरंगतो, पण डिपस्टिकवरचे ऑइल अगदी स्वच्छ आहे. दोष तोच समजावा काय?

उत्तर : दोष वेगळ्या जागी शोधावा. चालत्या इंजिनात ऑइलचा दाब सहसा कित्येक बार असतो, तर कूलंटचा एक-दीड बारच्या आत. म्हणून दाबाखालच्या ऑइलचा मार्ग आणि पाणी यांच्यामध्ये छिद्र पडले, तर इंजिन चालू असताना ऑइल पाण्यात जाते. इंजिन बंद केल्यावर ऑइलचा दाब लगेच शून्यावर येतो आणि गरम कूलंटचा काही वेळ टिकतो, त्यामुळे तेव्हा उलट दिशेनेही थोडी गळती होऊ शकते. केवळ कूलंटच खराब होत असेल तर ऑइल कूलर आणि हेडकडे ऑइल वर नेणाऱ्या मार्गाभोवतीचे गॅस्केट, या दोनच जागा आधी तपासाव्यात, आणि त्यातही कूलर प्रथम. गाडी ऑटोमॅटिक असेल तर तरंगणारा थर इंजिन ऑइलचाच आहे ना, हे पाहावे. पुष्कळ गाड्यांत गिअरबॉक्सचे ऑइल रेडिएटरमधल्या कूलरमधून फिरते आणि तो कूलर फुटल्यास इंजिनाचा काहीच संबंध नसतो. त्या वेळी गिअरबॉक्समध्ये पाणी गेले आहे काय, हे तातडीने तपासावे.

दुरुस्तीनंतर कूलंटचा मार्ग योग्य क्लीनरने अनेकदा धुवावा लागतो. कूलंटचे होज बहुधा ज्या रबराचे असतात ते ऑइल सहन करत नाही. होज फुगलेले किंवा बोटाला मऊ लागले, तर ते बदलावेत.

प्रश्न : ऑइल भरण्याच्या झाकणाखाली पिवळट फेस आहे, डिपस्टिक स्वच्छ आहे, कूलंट कमी होत नाही. इंजिन नुकतेच बांधले आहे. उघडावे काय?

उत्तर : उघडू नये. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातील थोडी वाफ रिंगांवरून खाली येते आणि झाकणाच्या थंड पत्र्यावर जमते. थोड्या अंतराच्या फेऱ्यांत ऑइल पुरेसे तापत नाही, म्हणून ती उडून जात नाही. झाकण पुसावे, क्रँककेसची वाफ ओढून घेणारी नळी आणि तिची झडप तुंबलेली नाही याची खात्री करावी, आणि गाडी एकदा चांगली लांब चालवावी. कूलंटच्या टाकीवर थंड इंजिनाच्या पातळीपाशी खूण करून ठेवावी. फेस परत आला आणि पातळीही खुणेखाली गेली, तरच वर सांगितलेली दाबाची चाचणी घ्यावी.